सागरोबाला बोललेले नाव

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या पिढ्यांची नावे एकत्र वाचली, तर पुरुषनामांचा मोठा भाग दैवतांकडून आलेला दिसतो, आणि ही दैवतेही पुराणातील दूरची नव्हेत, तर बैलगाडीने एका दिवसात गाठता येतील अशा अंतरावरची असतात. कराडजवळच्या पालीचा खंडोबा घराघरात खंडू आणि खंडेराव झाला, वाडी रत्नागिरीच्या जोतिबाने जोतीराम आणि जोतीराव ही नावे दिली, खरसुंडी-म्हसवडच्या सिद्धनाथाने सिद्धनाथ आणि सिदू पुरवले, आणि आरेवाडीच्या बिरोबामुळे धनगर समाजात बिरू हे नाव स्थिरावले. अशा नावाचा अर्थ कोणी विचारत नाही, कारण त्याला शब्दार्थापेक्षा पत्ता अधिक असतो : हे घर कोणत्या देवाच्या यात्रेला जाते, एवढे ते सांगते. याच्या अगदी उलट टोकाला धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे येतात. लागोपाठ मुले दगावलेल्या घरात पुढचे मूल जगावे म्हणून ती ठेवली जात, आणि त्यांमागचा विचार असा की, ज्याला आईबापच दगड किंवा केर म्हणतात, त्याच्याकडे मृत्यूचे किंवा दृष्टीचे लक्ष जाणार नाही. पहिल्या प्रकारात मूल देवाच्या स्वाधीन केले जाते, तर दुसऱ्यात ते दैवापासून लपवले जाते.

यशवंत हे नाव या दोहोंत बसत नाही. ते कोणत्याही देवाचे नाव नाही, कोणत्याही यात्रेशी बांधलेले नाही, आणि त्यात लपवाछपवीही नाही. ‘यश’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कीर्ती, लौकिक असा आहे आणि ‘वंत’ हा प्रत्यय, म्हणजे शब्दाच्या शेवटी जोडला जाणारा अंश, ‘ते ज्याच्याजवळ आहे तो’ असे सांगतो. बळवंत, गुणवंत, जयवंत, कीर्तिवंत ही याच घडणीची भावंडे होत. मात्र मराठीने कीर्तीचे काम ‘कीर्ती’वरच सोपवले आणि ‘यश’ या शब्दाला हाती घेतलेले काम तडीस जाणे हा अधिक घरगुती अर्थ दिला. पेरणीला यश येते, खटल्यात यश मिळते, एखाद्या वैद्याच्या किंवा सुईणीच्या हाताला यश असते. नावाचा विचार करताना हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध यशवंताला हे नाव मिळाले ते कीर्तीच्या अपेक्षेने नव्हे, एका अडलेल्या बाळंतपणामुळे.

देवराष्ट्रे हे गाव आज सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात आहे. 1913 मध्ये ते सातारा जिल्ह्यात होते. गावाजवळच्या डोंगरात सागरेश्वराचा प्राचीन मंदिरसमूह आहे, आणि ज्या डोंगरावर पुढे धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी झाडे लावून अभयारण्य उभे केले, तोच हा डोंगर. गावकऱ्यांच्या बोलण्यात सागरेश्वर हा ‘सागरोबा’ असतो, कारण आदराचा आणि जवळिकीचा ‘बा’ लावल्याखेरीज या भागात देवाशी बोलणे पुरे होत नाही. 12 मार्च 1913 रोजी या गावी विठाबाई चव्हाण आपल्या माहेरी बाळंत झाल्या. त्यांच्या त्या मुलाने, यशवंतराव चव्हाणांनी, ‘कृष्णाकाठ’ या 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या जन्माची घरात सांगितली जाणारी हकिगत नोंदवली आहे. बाळंतपण अतिशय कठीण गेले, गावात वैद्यकीय मदत नव्हती, घरगुती उपचार थकले आणि आई बेशुद्धीत गेली, तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले की माझ्या लेकीला यातून सोडव, मला यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवीन.

या नवसाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नवस म्हणजे देवाशी केलेला करार : इच्छा पूर्ण झाली तर अमुक वाहीन, तमुक करीन. देवाची आठवण म्हणून नाव ठेवायचे, तर रूढीप्रमाणे ते देवाचेच असायला हवे होते. सागर किंवा सागरेश्वर अशी नावे आजीला सहज सुचण्यासारखी होती. तिने देवाचे नाव न घेता त्याच्याकडे मागितलेल्या वस्तूचे नाव घेतले, म्हणजे नातू हा जणू त्या व्यवहाराची पावती ठरला. दुसरे असे की, मागितलेले यश नातवाचे नव्हते. ते लेकीच्या जिवाचे होते, आणि फार तर ते मागणाऱ्या आजीचे होते. पुढे मुलगा मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान झाला, तेव्हा नावाचा अर्थ त्याच्या कर्तृत्वाला लावणे सर्वांनाच सोयीचे गेले आणि असंख्य भाषणांतून ‘नावाप्रमाणेच यशवंत’ ही कोटी झिजेपर्यंत वापरली गेली. पण नाव पडले त्या घटकेला यश म्हणजे एक बाई बाळंतपणातून जिवंत उठणे, एवढेच होते. भाषणांतल्या अर्थापेक्षा हा अर्थ थोर आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

त्याच आत्मचरित्रातील आणखी एक प्रसंग नावाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कराडच्या शाळेत शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मोठेपणी कोण होणार ते लिहून द्यायला सांगितले, तेव्हा इतरांनी थोर पुरुषांची नावे लिहिली आणि या मुलाने आपण यशवंतराव चव्हाण होणार, असे लिहून दिले. हा प्रसंग आत्मविश्वासाचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितला जातो, पण त्यातील ‘राव’कडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ज्याचे वडील न्यायालयात बेलिफ होते आणि लहानपणीच प्लेगने गेले, ज्याचे घर आईच्या कष्टांवर चालले होते, अशा मुलाला शाळेत कोणी यशवंतराव म्हणत नसणार. ‘राव’ ही पदवी वयाने, वतनाने किंवा मानाने लाभते. मुलाने लिहिलेल्या नावातला पहिला भाग आजीने दिला होता, दुसरा त्याने स्वतःच स्वतःला दिला.

नाव अर्थातच देवराष्ट्र्यात जन्मले नाही. चाफळ आणि सज्जनगड ही समर्थ रामदासांची दोन्ही महत्त्वाची ठाणी सातारा जिल्ह्यात आहेत, आणि शिवाजी महाराजांच्या गुणवर्णनाच्या त्यांच्या प्रसिद्ध ओव्यांत ‘वंत’ने संपणाऱ्या विशेषणांची जी माळ येते, तिचा पहिला मणी ‘यशवंत’ हाच आहे. सामान्य घरांत त्याच मुळापासून येसाजी, येसोबा, येसू अशी रूपे निघाली. राजगडाजवळच्या येसाजी कंकांचे आणि संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंचे नाव याच कुळातले. येसूबाईंचे अखेरचे दिवस, मोगलांच्या दीर्घ कैदेतून 1719 मध्ये सुटून आल्यावर, साताऱ्यातच गेले. पुढे 1731 मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, तेव्हा साताऱ्याहून शाहू छत्रपतींनी सेनापतिपद ज्या धाकट्या भावाला दिले तो यशवंतराव होता. धारच्या पवारांतले एक यशवंतराव पानिपतावर पडले, आणि होळकरांतील यशवंतरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांना दमवले. एकंदरीत हे सरदारी नाव होते. (सिंहगडाच्या पोवाड्यातील, कडा चढून जाणाऱ्या घोरपडीचे नाव यशवंती असावे, हा लोककल्पनेचा खेळ इतिहास म्हणून टिकत नाही, पण फौजेत कोणते नाव शुभ मानले जाई, याची साक्ष म्हणून तो दुर्लक्षिण्यासारखाही नाही.)

सरदारांच्या वाड्यांतून हे नाव एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत ज्या घरांत पोहोचले, ती घरे एकमेकांपासून सामाजिकदृष्ट्या किती दूर होती, हे पाहिले की त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य थोडे उलगडते. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव, ही दोन्ही सातारा जिल्ह्यातली. या दांपत्याने काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी त्याच्याच साहाय्याने रोग्यांची शुश्रूषा करता करता प्राण सोडला. 1899 मध्ये चाफळ येथे, एका ब्राह्मण कुटुंबात, यशवंत दिनकर पेंढरकर जन्मले. त्या काळी कवींना टोपणनावावाचून चैन पडत नसे, आणि पेंढरकरांचे रविकिरण मंडळातले सोबती माधव पटवर्धन तर ‘माधव जूलियन’ झाले. पेंढरकरांनी मात्र आडनाव गाळून नुसते ‘यशवंत’ एवढेच ठेवले, आणि तेवढ्यावर ते महाराष्ट्रकवी म्हणून ओळखले गेले. साताऱ्यात ज्यांचे बालपण गेले आणि ज्यांच्या मातोश्री भीमाबाई तिथेच निवर्तल्या, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुलाचे नावही यशवंत. त्याचा जन्म 12 डिसेंबर 1912 चा, म्हणजे देवराष्ट्र्याच्या यशवंतापेक्षा तो बरोबर तीन महिन्यांनी मोठा. माळी, ब्राह्मण, महार, मराठा अशा चार घरांत चाळीस वर्षांच्या आत एकच नाव यावे, ही गोष्ट सहज घडण्यासारखी नव्हती, कारण नावावरून जात ओळखण्याची कला या समाजाने फार पूर्वीच पुरती साधली होती. देवाचे नाव कुलदैवत सांगते आणि कुलदैवत बहुधा जात सांगते. यशवंत यांपैकी काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच ते कोणालाही घेता आले.

जात मात्र उच्चारातून परत आत शिरत असे. लिखित नाव यशवंत असले, तरी माणदेशाच्या आणि कृष्णाकाठच्या बोलीत ते येसवंत होई, हाक मारताना येसवंता, आणि गड्याला हाक मारायची असली की त्याचेच तुच्छतादर्शक लघुरूप होई. उलट वाड्यावरच्या यशवंताला ‘राव’ जन्मतःच चिकटलेला असे. शाळेच्या दाखल्याने या बाबतीत केलेले काम मोठे आहे. हा दाखला ज्यावरून निघतो ते जनरल रजिस्टर म्हणजे मुलाचे नाव शाळेत घालताना ज्यात नोंदवले जाते ते पुस्तक, आणि त्यात लिहिले गेलेले रूपच पुढे आयुष्यभर कायदेशीर ठरते. साताऱ्याच्या, पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या, शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांची नोंद ‘भिवा’ अशी झाली आणि ती आजही दाखवली जाते. घरातली हाक रजिस्टरात कशी जशीच्या तशी उतरे, याचे ते उत्तम उदाहरण आहे. पुढे शाळा खेड्यांत पसरल्या, त्यात रयत शिक्षण संस्थेचा वाटा फार मोठा, तसे शिक्षक बोलीतले नाव ऐकून त्याचे शिष्ट रूप लिहू लागले, आणि बापाच्या तोंडचा येसवंत मास्तरांच्या लेखणीत यशवंत झाला.

याच्याशी जोडलेली दुसरी रीत म्हणजे मूळ नाव अजिबात न उच्चारण्याची. नातवाला आजोबांचे नाव ठेवावे, असा प्रघात या भागात बळकट होता, आणि सुनेने सासऱ्याचे नाव घेऊ नये, हा प्रघात त्याहून बळकट. त्यामुळे पोटच्या मुलाला नावाने हाक मारण्याची चोरी झालेल्या आयांनी बाळ, आबा, आप्पा, नाना, तात्या, बापू ही पर्यायी नावे रूढ केली. सातारा-सांगलीच्या सार्वजनिक जीवनात यांची गर्दी आहे. पाटणचे बाळासाहेब देसाई कागदोपत्री दौलतराव होते, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे हे तुकाराम, आणि आंबेडकरांचा यशवंत सर्वांचा भय्यासाहेब. रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते कार्यकर्त्यांत ‘भाऊ’ होते, तर त्यांचे सख्खे बंधू जयवंतराव भोसले ‘आप्पासाहेब’. यशवंत-जयवंत अशी यमक साधणारी भावांची जोडी ठेवण्याची हौस दोन्ही नावांच्या प्रसाराला उपकारक ठरली असणार. राशीचा भाग यात फारसा नव्हता. नक्षत्राच्या चरणावरून पहिले अक्षर ठरवून जे नावरस नाव काढतात, ते पत्रिकेत राहते. व्यवहारातले नाव बारशाच्या पाळण्याशी आत्या कानात सांगते ते, आणि आत्याच्या तोंडी कोणते नाव द्यायचे, हे बहुधा घरातील वडीलधाऱ्या बायकांनी आधीच ठरवलेले असते.

एखादे नाव किती लोकप्रिय आहे, हे काही देशांत सरकारच सांगते. आयर्लंडचे सांख्यिकी कार्यालय त्या वर्षी जन्मलेल्या मुलांना ठेवलेल्या नावांची क्रमवारी दर वर्षी जाहीर करते, आणि तिच्यात ‘टाइग’ या जुन्या नावाची चढती कमान दिसते. टाइग म्हणजे कवी. इंग्रजी अमलात नोंदवह्यांतून त्या नावाच्या जागी टिमथी किंवा थॅडियस लिहिले जाई, आणि एके काळी ते खेडवळ आयरिश माणसाला हिणवण्यासाठीही वापरले गेले. आज तेच नाव मूळ आयरिश वर्णलेखनासह, परक्याला वाचता येत नाही याची पर्वा न करता, शहरी घरांतही ठेवले जाते. महाराष्ट्रात अशी वार्षिक क्रमवारी निघत नाही. मतदारयाद्या, शाळांची रजिस्टरे आणि लग्नपत्रिका यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज असा की, यशवंताच्या वाट्याला टाइगसारखा पुनर्जन्म आलेला नाही. हिणवले गेलेले नाव उलटून अभिमानाने मिरवता येते. जे नेहमीच मानाचे होते, त्याला उलटायला बाजूच उरत नाही.

1960 नंतर या नावाला एक वेगळाच वाटेकरी निघाला, तो म्हणजे पाटी. कराड तालुक्यातील सह्याद्री कारखान्याच्या परिसराचे यशवंतनगर, साताऱ्यातील आणि कराडमधील विज्ञान महाविद्यालये, नाशिकचे मुक्त विद्यापीठ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, पुण्याची प्रशासकीय प्रशिक्षण देणारी ‘यशदा’, उत्तम काम करणाऱ्या पंचायतींना दिला जाणारा यशवंत पंचायत राज पुरस्कार : एवढ्या ठिकाणी लागलेले नाव पाळण्यात घालताना आईबाप बिचकले, तर त्यात नवल नाही. लोकनेत्याच्या नावाने त्याच्या हयातीत मुले वाढतात आणि मृत्यूनंतर संस्था वाढतात, असे पुष्कळदा दिसते. चव्हाण 25 नोव्हेंबर 1984 रोजी गेले, कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी झाली, आणि त्यानंतरच्या पिढीत ‘यशवंत’ हे आजोबांच्या वयाचे नाव झाले.

मूळ शब्द मात्र मागे पडला नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ‘यश’ हे दोन अक्षरी नाव शहरांत आणि खेड्यांत सारख्याच उत्साहाने ठेवले गेले, आणि ज्यांना ते फार आखूड वाटले त्यांनी यशराज, यशोधन, यशवर्धन, यशोदीप असे त्याचे विस्तार केले. या प्रदेशातील राजकीय घराण्यांनी राव टाकून राज, सिंह आणि जीत यांची वाट धरली, विश्वजीत, पृथ्वीराज, शंभूराज ही नावे पुढे आली, आणि ‘यशवंतराव’मधून ‘यशराज’ निघणे हे त्याच वळणावर घडले. येथे एक सूक्ष्म फरक नोंदवण्याजोगा आहे. यशवंत म्हणजे ज्याच्याजवळ यश आहे असा माणूस. यश म्हणजे खुद्द यशच. जुन्या नावात माणूस आणि त्याला लाभलेली गोष्ट यांच्यात प्रत्ययाएवढे अंतर होते, नव्याने ते मिटवले आहे. स्पर्धा परीक्षांच्या आणि गुणपत्रिकांच्या काळात वाढणाऱ्या मुलावर हे ओझे थोडे अधिकच आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही, पण बहुतेक मुले आपल्या नावाचा अर्थ मनावर घेत नाहीत, ही त्यातली समाधानाची बाजू.

यशवंत आज सर्वाधिक आढळते ते मधल्या रकान्यात. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात, त्यामुळे पिढीचे नाव मुलांच्या पिढीत मधोमध जाऊन बसते आणि नातवंडांच्या पिढीत पूर्णपणे गळते. सध्या पन्नाशी-साठीत असलेल्या असंख्य माणसांच्या सह्यांतला ‘य’ असा उरलेला आहे. या तीन पदांत आईला जागा नव्हती. देवराष्ट्र्याच्या मुलाचे पूर्ण नाव यशवंत बळवंत चव्हाण असे लिहिले गेले, ज्यात नवस बोलणारी आजी नाही आणि जिच्या जिवासाठी तो बोलला गेला ती आईही नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवले की, त्या वर्षीच्या 1 मेपासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव यावे. या क्रमाने लिहायचे, तर ते नाव यशवंत विठाबाई बळवंत चव्हाण असे झाले असते.